पट्टा मी थांबवला

रोह्यासमोर, नदीपलीकडच्या अष्टमी गावात आमच्या ओळखीची माणसं अजून सांगतात, हृदयाच्या थॅलियम टेस्टचा काही भरवसा नाही. अमक्याच्या बायकोला मशीननं निरोगी ठरवलं आणि पुढे तिला अ‍ॅटॅक आला. तो अमका मी. मशीननं तसं ठरवलं नव्हतं. ती होती तोवर तिनं माझी चूक लोकांपासून झाकली. आता मीच सांगतो.

नव्वदच्या दशकात मी रोह्याला कंपनीत होतो. बायको पेणकडची, मिठागरवाल्यांची मुलगी. पुलावरून बाजारात जाताना नेहमी माझ्या पुढे. त्या वर्षी मात्र ती मध्येच कठडा धरून उभी राहू लागली. छातीत भरून येतं म्हणायची. रोह्याच्या डॉक्टरांनी मुंबईला टेस्टला पाठवलं.

तिथं सरकत्या पट्ट्यावर चालायचं. हृदय जोरात धावू लागलं की सुई देतात आणि कॅमेऱ्यात बघतात, रक्त कुठं पोचतं, कुठं कमी पडतं. मला आत उभं राहू दिलं होतं. तिनं पदर खोचला.

"एवढं चालून कासू गाव आलं असतं," ती तिथल्या मुलीला म्हणाली. "हितं भिंतसुद्धा जवळ येत नाय."

मुलगी हसली. पट्टा चढा झाला, वेग वाढला. तिला घाम फुटला आणि मला बघवेना.

"बस झालं, थांबवा!"

"अवो, चालतेय मी. तुमाला कशाला दम लागला?"

मी ऐकलं नाही. काही झालं तर जबाबदारी तुमची, असं दरडावल्यावर मुलीनं घाईनं सुई दिली आणि पट्टा थांबवला.

नंतर डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. "चित्रात दोष दिसत नाही. पण हृदयावर पुरेसा ताणच आला नाही, त्यामुळे यावर विसंबू नका. चालायला न लावता, औषधानं ताण देऊन पुन्हा करू."

बाहेर बाकावर ती पाय चोळत बसली होती. "काय म्हनले?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. तिला पुन्हा तिथं न्यायचं माझ्याच जिवावर आलं होतं. परतताना पेणला माहेरी उतरून तिनं ती बातमी हौसेनं सांगितली.

दिवाळीच्या आधी तिला अ‍ॅटॅक आला. वाचली, पण हृदय अधू झालं. पूल ओलांडायला रिक्षा लागू लागली. "मशीन खोटारडं," ती येईल त्याला सांगायची. मी चहा टाकायला आत जायचो.

मग तिच्या धाकट्या बहिणीच्या छातीत दुखू लागलं. तिलाही तीच टेस्ट सांगितली होती. आम्ही पेणला गेलो, तर ती हटून बसलेली. "मी नाय जानार. ताईला फसवलंन त्या मशीननं." बायकोनं मान डोलावली. मला राहवेना. पट्टा कुणी थांबवला, डॉक्टर काय म्हणाले होते, सगळं मी दोघींसमोर सांगितलं.

बायको माझ्याकडे वळली.

"आनि मी त्या मुक्या मशीनला शिव्या घालतेय," ती म्हणाली. मग बहिणीकडे वळली. "तू जा गो. सांगतील तवर चाल. फकस्त ह्यांना आत नेऊ नको."