माझ्या उजव्या हाताची नोकरी

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू होण्याआधीच्या वर्षांत नंदुरबारला चेंडू फेकून पोट भरणारा माणूस एकच होता, आणि तो मी. संघातले बाकीचे सगळे हौसेने खेळत. कोणी रेल्वेत, कोणी कचेरीत, कोणी बापाच्या दुकानात. मला मात्र खेळण्यासाठी ठेवलेलं होतं, आणि ही गोष्ट मी त्यांना कधी विसरू दिली नाही.

मूळचा मी प्रकाशा गावचा. ज्वारी दाण्यावर आली की तापीकाठच्या आमच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकायची, हे माझं काम. एकदा नंदुरबारचे स्टेशन मास्तर देवदर्शनाला आले आणि बांधावर थबकले. गोफण ठेव आणि नुसत्या हाताने तो खुंटा पाडून दाखव, म्हणाले. मी पाडला. त्याच्या मागचाही पाडला. मग बांधाला टेकवलेली त्यांची छत्री पाडली, ती मात्र त्यांनी सांगितली नव्हती.

हे मास्तर नंदुरबारच्या क्रिकेट संघाचे कप्तान. संघाचा खर्च एक जिनिंग फॅक्टरीवाले शेठजी करत. आठवडा उलटायच्या आत मी त्यांच्यापुढे उभा होतो. हिवाळाभर खेळायचं आणि एरवी फॅक्टरीत कापसाच्या वजनकाट्यावर, सावलीत बसायचं, असं ठरलं. जन्मभर माळ्यावर ऊन खाल्लेल्या माणसाला सावलीतली नोकरी म्हणजे काय असते, हे पंख्याखाली वाढलेल्यांना सांगून कळणार नाही.

गोलंदाजी मला जमली नाही. कोपर वाकल्याशिवाय हात फिरेना आणि पंच प्रत्येक चेंडू रद्द करी. मग कप्तानांनी मला लांब उभं केलं. चेंडू आला की उचलायचा आणि स्टंप पाडायचे, एवढंच. पहिल्या हिवाळ्यात शहाद्याचे, धुळ्याचे भले भले फलंदाज पळता पळता बाद झाले. गडी अजून खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईच्या मध्यावर असे तोच पुढून लाकूड वाजल्याचा आवाज येई. बघे ओरडत, "तो हात नही शे भो, तोफ शे!" मी टोपी काढून चारी दिशांना वाकून मुजरा करी.

हीच कीर्ती मला नडली. पुढे पुढे चेंडू माझ्याकडे आला की कोणी पळेचना. समोरच्यांच्या धावा आटल्या, आम्ही जिंकत राहिलो, पण शेठजींना दिसे ते एवढंच की आपला पगारी माणूस दिवसभर नुसता उभा असतो. तळोद्याच्या सामन्याआधी त्यांनी मला काट्यावरून बोलावून घेतलं.

"यंदा तू एक बी गडी औट नही करा," ते म्हणाले. "तळोदाले एक तरी कर. नही ते परत ज्वारीमा जाय."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, एक काय, तीन करतो.

आणि त्याच आठवड्यात खांदा गेला. प्रकाशाला मेहुणे आले होते. त्यांच्यादेखत तापीच्या या काठावरून दगड पलीकडे पोहोचवायचा मोह मला आवरला नाही. दगड पोहोचला. पण खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. त्यानंतर हात वर जाई, पण झटका देता येईना. चेंडू फेकावा तर माझ्याच पायाशी पडे.

तळोद्याच्या मैदानात उतरताना मी कप्तानांना खरं ते सांगितलं.

"आणखी कोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"मेहुण्यांना."

"ते आलेत इथे?"

"नाही."

"मग तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले आणि नाणेफेकीला निघून गेले.

ज्वारीच्या राखणीत एक रीत आहे. सुरुवातीला चार दिवस खरे दगड मारायचे. पुढे नुसती रिकामी गोफण गरगरवायची आणि दोरीचा फटका वाजवायचा. थवा उठतो आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. निम्मा हंगाम रिकाम्या गोफणीवर निघतो. मी तोच उद्योग मांडला. चेंडू येवो न येवो, हात फिरवत, बोटं मोडत, स्टंपांकडे एक डोळा मिटून बघत दिवसभर उभा राहिलो. कोणी पळालं नाही. पण माझ्या हातून बादही कोणी झालं नाही, आणि मंडपात बसलेले शेठजी माझ्यावरून नजर हलवत नव्हते.

तळोद्याची शेवटची जोडी उरली. एक वकीलसाहेब आणि एका जंगल कंत्राटदाराचा कारकून. त्यांना जिंकायला दोन धावा हव्या होत्या. वकीलसाहेबांनी चेंडू माझ्या बाजूला ढकलला आणि ते पळत सुटले. कारकून मध्यापर्यंत आला, चेंडू कोणाच्या हाती आहे ते त्याने पाहिलं, आणि जागीच रुतला.

"पयू नका साहेब, तो शे!"

मी हात मागे नेला, डावा पाय उचलला आणि गोलंदाजाच्या टोकाकडे डोळे रोखले. दोघेही एकदम उलट्या टोकाला धावले आणि एकाच रेघेच्या आत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आता गोलंदाजाचं टोक रिकामं. गोलंदाज चेंडू मागत होता. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं, कारण हा गडी माझाच व्हायला हवा होता. हात उगारलेलाच ठेवून मी वरातीत चालावं तसा त्या रिकाम्या टोकाकडे निघालो.

वकीलसाहेब कारकुनाला म्हणत होते, तू जा तिकडे.

"तुम्हीच जा साहेब. मन्हा टाळकामा चेंडू बसना ते?"

मी पोहोचलो, वाकलो आणि बाळाच्या गालाला लावावा तसा चेंडू स्टंपांना लावला. वरच्या दांड्या पडल्या. पंचांनी बोट वर केलं. आम्ही जिंकलो होतो.

शेठजी मंडपातून तरातरा आले. "तू फेका कसाले नही?"

"एवढासा कामले तोफ कसाले, शेठजी?"

ते हसले, आणि असे हसले की पगडी हाताने धरावी लागली. सोमवारी मी काट्यावर, सावलीत होतो. खांदा पुढे कधीच सुधारला नाही. लढाईत चेंडू मिळेनासे होईपर्यंत मी त्या संघातून खेळलो. एकदाही फेकला नाही, आणि माझ्या बाजूला एकदाही कोणी पळालं नाही.