सुनेचा निबंध आणि शनिवारचं सारवण

माझी सून मरोळच्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला अकरा वर्षं शिकवते आणि अकरा वर्षं टेम्पररी आहे. कारण बी.एड. नाही. लग्नाआधी राहून गेलं, मग मुलगी झाली, मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. म्हणजे थोडा दोष माझ्या गुडघ्याचाही आहे. हे मी आधीच सांगून टाकते, मागाहून कोणी बोलायला नको. शेवटी शाळेने तिला मुदत घातली. अमुक जूनपर्यंत बी.एड. झालं तर कायम करू, नाही तर दुसरी बाई बघू. तिने नोकरी सांभाळून नाव घातलं, दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला, सगळे पेपर सोडवले. अडली ती एका निबंधापाशी.

निबंध परत आला होता. विषय होता ‘मुलींची शाळेतील गळती: कारणे व उपाय’. शेवटच्या पानावर कॉलेजच्या मॅडमनी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘माहिती भरपूर आहे. पण तुमचं स्वतःचं म्हणणं काय?’ पंधरा दिवसांत नव्याने लिहून द्यायचा, ही शेवटची संधी. नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे नोकरी गेली.

पहिले तीन दिवस सुनेने निबंध सोडून बाकी सगळं केलं. माळ्यावरच्या गाद्या उन्हात टाकल्या. फ्रीज पुसला. माझ्या गोळ्यांच्या डब्याला सकाळ-दुपार-रात्र अशा रंगीत पट्ट्या लावल्या. अभ्यासाला बसणाऱ्या माणसालाच घरातला कचरा बरोबर कसा दिसतो, कोण जाणे. चौथ्या दिवशी तिने नियोजन सुरू केलं. नियोजन म्हणजे हॉलच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. पिवळ्यांवर कारणं, गुलाबींवर उपाय. पंखा लावला तशी निम्मे उपाय उडून सोफ्याखाली गेले.

“आई, त्याच्यावर पाय देऊ नका, ते शासकीय धोरण आहे,” ती ओरडली.

“मग खाली कशाला पडलं?” मी म्हटलं.

माझा मुलगा पेपर वाचत होता. सुनेने वाकून सोफ्याखालून धोरण काढलं, तेव्हा त्याने पाय वर उचलले. मदत म्हणून तो तेवढंच करतो.

रविवारी सकाळी मी हॉलमध्ये वर्तमानपत्रावर सुकट निवडत बसले होते. ती समोर लॅपटॉप घेऊन नुसती बघत होती. मी म्हटलं, “वाचून दाखव बघू.”

“तुम्हाला कंटाळा येईल, आई.”

“मला कीर्तनातही येतो. वाच.”

तिने वाचायला घेतलं. एक तज्ज्ञ असं म्हणतात, दुसरे तज्ज्ञ तसं म्हणतात, एका आयोगाने अमुक सांगितलं, दुसऱ्या समितीने त्याला दुजोरा दिला. एक पान झालं, दोन झाली. चौथ्या पानापर्यंत निम्मी सुकट निवडून झाली, तरी सुनेचा आवाज काही ऐकू येईना. म्हणजे बोलत तीच होती, पण बोलणं सगळं परक्यांचं.

मला आमचं गाव आठवलं. मालवणकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, ते मुंबईच्या माणसालाही ठाऊक असतं. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहतो, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला मागची मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याला एक रीत असते. आधी देवांना हाक मारायची, ग्रामदेवता, सीमेवरचा, वाटेवरचा, कोणाला वगळायचं नाही. मग आपण कोण ते सांगायचं. मग काय घडलं ते. मग काय पाहिजे ते. शेवटी, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. आमच्या गावात एक म्हातारा होता, त्याला देव फार पाठ. तो हाका मारत सुटायचा. मागची मंडळी व्हय म्हाराजा म्हणून म्हणून दमायची, नैवेद्यावर माश्या बसायच्या आणि ज्याची म्हैस हरवली आहे तो कोपऱ्यात उभाच. म्हशीची गोष्ट निघेपर्यंत म्हैस घरी आलेली असायची.

“तुझं तसं झालंय,” मी तिला म्हटलं. “चार पानं देवांनाच हाका मारल्यास. गाऱ्हाणं कुठाय?”

“आई, हे संदर्भ आहेत. ते द्यावेच लागतात.”

“दे ना. देवाला हाक मारू नको असं कोण म्हणतंय? पण म्हैस कोणाची हरवली ते तर सांग. तुझ्या मॅडमनी तेच विचारलंय.”

ती चिडली. निबंध म्हणजे देऊळ नव्हे, हे तिने मला समजावून सांगितलं. शिक्षिका आहे, समजावल्याशिवाय तिला राहवत नाही. मी म्हटलं, बरं, पुढचं वाच. वाक्य पटलं तर मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणेन, नाही पटलं तर गप्प बसेन. पुढच्या दोन पानांत मी तीनदा म्हटलं. त्यातलं एक दयेपोटी.

मग एक वाक्य आलं. ‘लेखिकेच्या कुटुंबातील एक ज्येष्ठ महिला कौटुंबिक दारिद्र्य व पालकांची उदासीनता यांमुळे चौथीनंतर शिक्षणापासून वंचित राहिली.’

“ही कोण गं?” मी विचारलं.

“तुम्ही.”

“मी कधी वंचित होते?”

“म्हणजे... चौथीनंतर तुमची शाळा सुटली ना.”

“सुटली नाही. मी सोडली. आणि माझ्या बापाला उदासीन कोणी केलं? तो मुंबईत गिरणीत होता, इथून पत्र लिहायचा, ‘पोरीला सातवीपर्यंत ठेवा.’ गावी येणाऱ्या माणसाबरोबर पाटीवरच्या पेन्सिली पाठवायचा. गरिबी होती, पण ती घरात सगळ्यांना होती. माझा भाऊ त्याच घरातून, त्याच पेजेवर सातवी झाला.”

तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. “मग का सोडलीत?”

साठ वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही. सगळ्यांनी आपापलं कारण धरलं होतं आणि मीही कधी खोडून काढलं नव्हतं. खोडून काढण्याइतकं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या शाळेची जमीन मातीची. शनिवारी सकाळची शाळा, आणि शनिवारी सारवण. ते मुलींकडे. शेण गोळा करायचं, विहिरीचं पाणी आणायचं, आणि अख्खी शाळा सारवायची. मुलगे तोवर अंगणात कवायत करायचे. कवायत झाली की गुरुजी त्यांना पायरीवर बसवून तोंडी गणितं घालायचे. मला ती गणितं फार आवडायची. हात शेणात आणि कान खिडकीत. एकदा एक अवघड गणित घातलं. मुलगे गप्प. मी आतून उत्तर दिलं. बरोबर होतं. गुरुजी खिडकीशी आले, आत बघितलं आणि म्हणाले, “तुझा कोपरा राहिला बघ.”

गुरुजी वाईट नव्हते. खरोखरच कोपरा राहिला होता.

पाचवी सुरू झाली, दोन-तीन शनिवार गेले, आणि मी आईला सांगितलं, मला शाळा नको. सारवायचंच तर घरी सारवते, घरी सारवलं की पेज तरी मिळते. आईला बरंच झालं. बापाचं एक पत्र आलं, रागाचं. मग तोही थकला.

सुनेने विचारलं, “हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कधी? परस्पर वंचित करून मोकळी झालीस.”

ती हसली. मग मी आणखी एक विचारलं. टोचायला नाही, सहज आठवलं म्हणून. “तुझ्या वर्गात शाळा सुटल्यावर बाकं कोण पुसतं?”

“मुली,” ती म्हणाली. “मुलगे नीट करत नाहीत. मुली बिचाऱ्या...” आणि तिथेच थांबली.

“आमचे गुरुजीही तेच म्हणायचे,” मी म्हटलं आणि सुकटीतली काडी काढून टाकली.

त्यानंतर आठवडाभर ती वर्गात एक वही घेऊन बसली. फळा कोण पुसतं, केर कोण काढतं, दुसऱ्या वर्गात निरोप घेऊन कोण जातं, प्रयोगाचं सामान हाताळायला पुढे कोणाला बोलावते. रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता सांगायची. आधी म्हणाली, एवढं काही वाटत नाही. बुधवारी म्हणाली, आई, मीच सांगते हो त्यांना, माझ्या तोंडून आपोआप मुलींचीच नावं येतात. शुक्रवारी आली ती चहा करून घेतला आणि भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. तीन ठेवल्या.

मग घाबरली. “हे लिहिलं तर मॅडम म्हणतील, ही बाईच असं करते. नापास करतील. मग जूनमध्ये मी घरी.”

माझ्या मुलाने पेपरमागून सल्ला दिला, “मग तू तुझं लिहूच नकोस ना. जनरल लिही.”

“जनरल लिहिलेलं एकदा परत आलंय,” मी त्याला म्हटलं. मग तिला म्हटलं, “म्हैस तुझ्याच गोठ्यातली आहे. शेजाऱ्याच्या म्हशीचं गाऱ्हाणं किती दिवस घालशील?”

तिने लिहिलं, आणि मी पुन्हा सुकट निवडायला बसले तेव्हा वाचून दाखवलं. चार पानांचे देव एका पानात बसवले. आमच्या गावच्या म्हाताऱ्याला हे जन्मात जमलं नाही. मग आपण कोण ते सांगितलं, अकरा वर्षांची शिक्षिका. मग काय दिसलं ते. म्हणणं एका वाक्यात होतं: मुलींना घर शाळेतून काढतं हे आपण जाणतो, पण शाळाही त्यांना थोडी थोडी घरी पाठवत असते, आणि ते शिक्षकाच्या तोंडून होतं. मी मोठ्याने व्हय म्हाराजा म्हटलं. माझ्याबद्दलचं वाक्य तिने मला विचारून घातलं. नाव नाही, वंचित नाही. ‘एका मुलीने पाचवीत शाळा सोडली, कारण तिला गणित ऐकायचं होतं आणि शाळेला ती सारवायला हवी होती.’ त्याला मी काही म्हटलं नाही. एक वाक्य आपल्याबद्दल असलं की आपणच होकार देणं बरं दिसत नाही.

शेवटाकडे तिने एक वाक्य वाचलं आणि माझ्याकडे बघत थांबली. “‘ही सवय शाळेत जन्मत नाही. ज्या घरात मुलगा फक्त पाय वर उचलतो, त्या घरातून ती येते.’ आई, व्हय म्हाराजा?”

मला सुकटीत खडा सापडल्यासारखं झालं. सुकटीत खडा नव्हता. तो पाय उचलणारा मीच वाढवलाय.

“म्हणा ना,” ती म्हणाली.

“व्हय,” मी म्हटलं. म्हाराजा गिळला.

निबंध दिला. निकाल मे महिन्यात फोनवर आला. पास. डोळे दिपावेत असे मार्क नव्हते, पण पास. मग निबंध हातात आला, त्याच्या शेवटच्या पानावर मॅडमनी या वेळी निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘पुढे काय केलंत?’ पुढे हे केलं होतं, की बाकं आता हजेरीच्या नंबराप्रमाणे पुसतात. एक आई भांडायला आली होती, माझ्या मुलाला घरीसुद्धा हे करावं लागत नाही म्हणून. सून म्हणाली, तेच सांगायला मी तुम्हाला बोलावणार होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कायम झाल्याचं पत्र मिळालं. तिने जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून ते वाचून दाखवलं, मराठी असूनही मराठीत समजावून. माझा मुलगा पेढे घेऊन आला होता. टेबलावर दुपारच्या आमटीचे डाग होते. सून सवयीने फडक्याकडे वळली.

“तू वाच,” मी तिला म्हटलं, आणि फडकं उचलून मुलाच्या हातात दिलं.

तो बघत राहिला. मग टेबल पुसलं. वाईट पुसलं, पण पुसलं. मी चष्मा लावून पाहिलं.

“तुझा कोपरा राहिला बघ,” मी म्हटलं.