कस्टमवाल्यांनी घेतलेला नारळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मुलापाशी नाही, डोंबिवलीच्या आमच्या कट्ट्यावर नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. तुम्ही परके, म्हणून तोंड उघडतोय — छे, तेही खरं नाही. तुम्हाला सांगून मला काही सहन करावं लागणार नाही, म्हणून सांगतोय. बघा, कबुली द्यायला बसलो तरी आधी स्वतःची सोय बघितलीच!

गोष्ट एका नारळाची. हसाल कदाचित. हसा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नोकरीतून निवृत्त झालो आणि मुलाने आम्हा दोघांची सिंगापूरची सहल ठरवून टाकली. सहलीच्या शेवटी जहाज. साधंसुधं नाही — कल्याणचा अख्खा बाजार आत मावेल एवढं. आम्ही तोवर महाबळेश्वरच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. मी फोटो बघून टरकलो. मालती मात्र जहाजाचं नाव काढलं की लहान पोरीसारखी हसायची.

हसणारच. मालती, म्हणजे माझी बायको, ठाण्याच्या खाडीवरची. कोळ्याघरची मुलगी. आमचं लग्न प्रेमाचं, माझ्या घरच्यांशी भांडून केलेलं. तेव्हा काय शूर होतो मी! पण ते शौर्य लग्नापुरतंच. पुढे सोसायटीत कुणी विचारलं की, "हिचं माहेर ठाण्याचं," एवढं बोलून मी क्रिकेटवर यायचो. तिने आमच्यासारखं बोलायला शिकून घेतलं, घरात मासळी करणं सोडलं. मी कधी 'सोड' म्हटलं नाही. फक्त नाक मुरडलं. म्हणायची गरज कुठे होती?

तिचे वडील खाडीत होडी घालायचे. मोठा दर्या एकदा बघायची त्यांची इच्छा राहून गेली. पुढे खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी गेली, भाऊ कंपनीत लागला. आमच्या सहलीचं कळल्यावर तो कळव्याहून आला आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला नारळ मालतीच्या हातात ठेवला. "बाबाच्या नावानं मोठ्या दर्याला दे. रिकाम्या हातानं जाऊ नको गो बाय."

मग काय, घरात दुसरा विषय नाही. कपडे भरायच्या आधी नारळ भरला. स्वयंपाकघरात ती नारळ देताना दर्याला घालायचं गाऱ्हाणं म्हणून बघायची — माहेरच्या बोलीत, वडील घालायचे तसं, खणखणीत आवाजात. तिचा तो आवाज मी लग्नानंतर ऐकलाच नव्हता. छान होता हो. आणि मी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

त्यात आमच्या सहलीच्या ग्रुपमध्ये ठाण्याच्या वर्तकनगरचे एक निवृत्त प्राध्यापक होते, सपत्नीक. विमानातच त्यांनी विचारलं, वहिनींचं माहेर कुठलं? मी म्हणालो, अलिबागकडचं, मोठे बागायतदार. मालती खिडकीशी बसली होती. तिने ऐकलं का? ऐकलंच असणार. ती बाहेर बघत राहिली.

आता सांगा, सगळ्यांसमोर कठड्याशी उभी राहून या बागायतदाराच्या मुलीने त्या आवाजात गाऱ्हाणं घातलं असतं तर?

जहाजावर जायच्या दिवशी सकाळी ती हॉटेलात आंघोळीला गेली. मी तिची बॅग उघडली, नारळ काढला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. लुगड्याच्या तुकड्यासकट. तो तुकडा तरी ठेवायचा! नाही सुचलं — म्हणजे, घाई होती. परत आलो तेव्हा ती आत गुणगुणत होती.

बंदरात सामान तपासत होते. तिची बॅग मी पुढे नेली आणि पलीकडे जाऊन तिला सांगितलं, नारळ घेतला त्यांनी. फळं चालत नाहीत म्हणे.

इथे थांबता आलं असतं. पण तिने माझा हात धरला. "अहो, सांगा ना त्यांना, देवाचा आहे. तुम्हाला येतं इंग्लिश." तिला येत नव्हतं. तिच्या वतीने बोलणारा माणूस त्या अख्ख्या बंदरात मी एकटा.

मी गेलो. सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि विचारलं — संडास कुठे आहे? भला माणूस, त्याने हात करून दाखवलं. तिला लांबून दिसलं ते एवढंच, की नवरा काही विनवतोय आणि साहेब हात हलवतोय. मी मान हलवत परत आलो. "नाही म्हणतो."

तेव्हा तिने तिथूनच त्या माणसाला हात जोडले. रागाने नाही. नोकरी आहे बिचाऱ्याची, म्हणाली. तोही हसला आणि मान लववून त्याने नमस्कार केला.

आयुष्यात मी खोटं कमी बोललेलो नाही. पण नाटक करून, तिच्याच विश्वासाला कामाला लावून? लाज वाटते. आजही वाटते.

संध्याकाळी किनारा दिसेनासा झाला. सगळे डेकवर फोटो काढत होते. मालती चहाच्या टेबलावरच्या साखरेच्या पुड्या मुठीत घेऊन कठड्याशी गेली. एकेक फाडून खाली ओतू लागली — "रिकाम्या हातानं नको म्हणून तोंड तरी गोड करते त्याचं." वाऱ्याने निम्मी साखर तिच्याच पदरावर येत होती. गाऱ्हाणं तिने घातलं, पण ओठांतल्या ओठांत. प्राध्यापकांच्या बायकोने मला विचारलं, वहिनी काय करतायत? मी म्हणालो, काही नाही, गंमत. आणि दोन पावलं बाजूला सरकलो. नारळ नव्हता तरी सरकलो! मग तो टाकला कशाला?

जहाज सुंदर होतं, असं सगळे म्हणतात. मला फक्त ती साखर आठवते.

आता ऐका. मालती आहे, ठणठणीत आहे. कुणी सहलीचा विषय काढला की कस्टमवाल्यांनी घेतलेल्या नारळाची गोष्ट रंगवून सांगते आणि सगळे हसतात. पुढे माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "पण हे गेले हो माझ्यासाठी भांडायला!" मी पाणी प्यायला उठतो.

आणि दर नारळी पौर्णिमेला आम्ही कळव्याला जातो. भावाबरोबर खाडीच्या काठावर ती दोन नारळ सोडते. एक नेहमीचा. दुसरा वडिलांचा, तेव्हा पोचला नाही म्हणून. शेवटी त्याच बोलीत, पण हळू आवाजात, म्हणते, "त्या सायबाला पन सुखी ठेव."

मी मागे पिशवी धरून उभा असतो. ती वळून म्हणते, अहो, हात जोडा ना.

मी जोडतो.