पाटल्यांखालचे हात

मामींनी माझ्या हातातून पाटल्या ओढून काढल्या आणि बांधाखालच्या पाण्यात बुचकळल्या. एकदा नाही, परत परत. पदरानं पुसल्या, उजेडाकडं धरून बघितल्या, पुन्हा बुचकळल्या. मी समोर उभी. गुडघ्यापर्यंत चिखल, मनगटावर पाटलीचा ओरखडा. शेजारी उभ्या बाईला म्हणाल्या, "घरी गेल्यावर गोमूत्र शिंपडते गं. अशी कशी घालू सूनबाईच्या हातात?"

मामी म्हणजे आमच्या सरपंचांची बायको. सरपंचांना सगळे आबा म्हणायचे. पळसदरीहून चालत जाता येईल एवढ्यावर आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. गावाच्या तोंडात अजून जुनंच नाव बसलेलं. आबांच्या भातखाचरातली लावणी, कापणी, झोडणी, सगळी आमच्या वाडीच्या कंबरेवर. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूनं मला त्या खाचरात उतरवलं.

त्या दिवशी मुंबईहून टीव्हीवाले आले होते. शेतीच्या कार्यक्रमासाठी त्यांना नव्या वाणाच्या भाताची लावणी घ्यायची होती. आबांनी सांगून टाकलं, आमच्याकडं घरची माणसंच चिखलात उतरतात. उतरली मग सूनबाई. सूनबाई कल्याणची, शिकलेली. पाय रुतला तशी घाबरून बांधाला धरून उभी राहिली. कॅमेऱ्यात आधी तिचं तोंड घेतलं. हसरं तोंड, हातात आवणाच्या रोपांची जुडी, मनगटात पाटल्या. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. मग लावायची वेळ आली. तिनं रोप खोचलं की ते आडवं व्हायचं, नाहीतर पाण्यावर तरंगायला लागायचं. कॅमेरावाला कंटाळला. म्हणाला, "हात दुसऱ्या बाईचे घेऊ. कुणाला कळतंय?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "हिचे घ्या. हिचा हात चपळ हाय."

पण सूनबाईच्या हातात पाटल्या दिसून गेल्या होत्या. माझ्या हातात काचेची एक फुटकी बांगडी. मग पाटल्या माझ्या हातात आल्या. मामींनी लांबूनच टाकल्या. जन्मात पहिल्यांदा सोनं अंगाला लागलं. जड, गार. बरं वाटलं मला. मी वाकले, लावायला लागले. कॅमेरावाला ओरडला, "बाई, डोकं मागे घ्या. डोकं मध्ये येतंय."

मी डोकं मागं घेतलं. मान तिरकी, हात पुढं. अशी लावणी जगात कुणी करत नसेल. आणि काम झाल्याबरोबर पाटल्या ओढल्या गेल्या आणि धुतल्या गेल्या. सासू शेजारीच होती, तिनं डोळ्यानंच दाबलं मला. मनगट मात्र घरी जाईपर्यंत चुरचुरत होतं.

लावणी घेतली आषाढात आणि दाखवणार होते कापणीच्या तोंडावर. सरकारी काम अन् सहा महिने थांब. दसरा झाल्यावर निरोप आला की येत्या रविवारी दाखवणार आहेत.

टीव्ही गावात एकच. पंचायतीला सरकारनं दिलेला, गावासाठी म्हणून. लाकडी खोक्यात बसवलेला, पुढं दोन झडपा, झडपांना कुलूप. पंचायतीच्या खोलीचं छप्पर गळतं म्हणून तो आबांच्या ओटीवर आला आणि छप्पर शाकारून झालं तरी तिथंच राहिला. किल्ली आबांच्या करगोट्याला. ओटीवर गाव बसायचं, जोत्याच्या खाली उभं राहायला आम्हाला मुभा होती, पण आमच्यातलं सहसा कुणी जायचं नाही. आमच्या वाडीत वीज नव्हती. तिकडं खोपोलीला डोंगरावरनं पाणी पाडून वीज काढतात, तिच्या तारा आमच्या डोक्यावरनं पुढं मुंबईला जायच्या. आमच्या घरात चिमणी.

आबांनी सासूकडं सांगून पाठवलं, "सकाळधरनं या समदी. कधी लागंल त्याचा नेम नाय. आन येताच हाय तर खळं सारवून घ्या."

खळं म्हणजे त्यांच्या दारापुढचंच मळणीचं अंगण. म्हणून टीव्ही बघायला मी शेणाची पाटी घेऊन गेले.

सकाळी बाहुल्यांचा खेळ लागला. बाहुल्या भांडत होत्या, ओटीवरची पोरं हसत होती. मी शेण कालवत होते. मग एक माणूस फळ्यापुढं उभा राहून पृथ्वी कशी फिरते ते सांगायला लागला. ती कशी का फिरेना, मला माझी लावणी बघायची होती. कार्यक्रम बदलला की मी कंबर सरळ करून उठायची, टाचा उंच करायची. नाही, हे नाही. पुन्हा खाली बसायची. जीव थाऱ्यावर नव्हता.

मग मुक्याबहिऱ्यांच्या बातम्या लागल्या. एक बाई नुसत्या हातांनी बोलत होती. मी सारवायची थांबले. हात बोलतायत आणि सगळी ओटी त्या हातांकडं बघतेय. म्हणजे असंही असतं. मामी वरनं म्हणाल्या, "हात चालव गं, वाळंल ते."

दुपारी कुठल्यातरी परमुलखातल्या भाषेचा सिनेमा. कुणाला शब्द कळेना, पण उठेनाही कुणी. त्यातली आई मेली तशी आमची सासू खळ्यात बसून रडायला लागली. मी म्हटलं, "तुमाला काय कळलं वं आत्या?" तर म्हणते, "रडायला भाषा कशाला लागती?" मधेच चित्र गेलं, व्यत्ययाची पाटी आली. आबांचा मुलगा कौलांवर चढून एरियल फिरवत राहिला आणि खालून सगळे ओरडत राहिले, आलं, गेलं, आलं. मग कुस्त्या. मग बर्फावरनं घसरणारी गोरी माणसं. मग पेटीवाल्या बाईचं गाणं. आमचं खळं सारवून होत आलं आणि शेतीचा पत्ता नाही.

शेवटी मी आबांच्या मुलालाच विचारलं, "दादा, शेतीचं कवा लागतंय?"

"ते काय, सांजचंच असतं की. रोजचंच," तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं की आम्हाला काय सांगितलंय. आबांनी मान फिरवली. ओटीवर दोघंतिघं हसले.

म्हणजे नेम होता. नेम पक्का होता. नुसतं खळं फुकटात सारवून हवं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सासू हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. आता आलंच हाय तर बघून जाऊ."

दिवेलागणीला लागलं एकदाचं. आमचा डोंगर दिसला, खाचर दिसलं. ओटीवर एकच गलका झाला. आबा फेटा बांधून बोलले. मग सूनबाई हसली. आणि चित्रामागनं आवाज आला, "घरच्या सुना स्वतः चिखलात उतरतात, तेव्हा शेती बहरते." आणि मग हात आले.

सगळ्या काचेवर नुसते हात. आवण सोडवणारे, खोचणारे, भरभर मागं सरकणारे. पाटलीच्या खालून गोंदणाचे ठिपके दिसत होते. डावी करंगळी वाकडी. ती माहेरी असताना विळ्यानं कापली होती, आईनं हळद भरून बांधली ती तशीच जुळली. मला माझं तोंड आरशातसुद्धा कधी एवढं मोठं दिसलं नव्हतं, जेवढे त्या दिवशी माझे हात दिसले.

ओटीवरून कुणीतरी म्हणालं, "वा सूनबाई, काय हात चालतोय तुझा."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "ते माजे हात हायत."

ओटीवर हसू फुटलं. मामी म्हणाल्या, "हात काय गं, समद्यांचे सारखेच."

"सारखेच हायत," मी म्हटलं, "मग पाटल्या का धुतल्या?"

सूनबाई पुढंच बसली होती. तिनं पाटल्या पदराखाली घेतल्या आणि मान खाली घातली. एक शब्द बोलली असती तर. नाही बोलली. मी पाय उचलला आणि जोत्यावर ठेवला. शेणाचा पाय, त्यांच्या फरशीवर. मागनं सासू पदर ओढत होती. तो सुटला. मी ओटीवर जाऊन टीव्हीच्या पुढं बसले.

आबा म्हणाले, "खाली उतर."

"टीव्ही पंचायतीचा हाय. मी पंचायतीतलीच हाय."

आबा उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, झडपा ओढल्या, कुलूप घातलं. थोड्या वेळानं हिंदी सिनेमा लागायचा होता, त्याच्यासाठी अर्धा गाव जेवण उरकून आला होता. सगळे माझ्यावर तुटून पडले. हिच्यापायी सिनेमा गेला. कुलूप कुणी घातलं, ते कुणाला दिसलं नाही. एकेक जण उठून गेला. खळ्यातून सासू रडवेली होऊन हाका मारत होती, "ये गं खाली. उद्या कापणीला कोन बोलावील आपल्याला? खायचं काय?"

तिचं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलंही नाही. नवरा कुंभिवलीला हायवेवर टेंपो भरायला जायचा, मीही त्याच्याबरोबर जायला लागले. सासू कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा राग मला सोसला नाही, पण मी माघार घेतली नाही.

पुढच्या रविवारी शेणाची पाटी घरी ठेवली, हात धुतले आणि गेले. खळ्यातून सरळ ओटीवर. मला बघितल्याबरोबर आबांनी झडपा लावल्या. मी बंद झडपांपुढं मांडी घालून बसले. हात मांडीवर, रिकामे, उघडे. पोरं माझ्याकडं रागानं बघत होती, बाया कुजबुजत होत्या. आबा म्हणाले, "बंद टीव्ही बघतीस? कवापातूर बसशील?"

"तुमी कवापातूर बंद ठेवाल?" मी म्हटलं.

मग मामी आल्या. आवाज मऊ केला. म्हणाल्या, "बस बाई, वर बस. पर कापणीला ये. हात पुरंनात, भात गळाया लागलंय."

मी म्हटलं, "बसायची ती बसनारच हाय. दर रविवारी. पर कापणीला नाय, लावणीला नाय, खळ्याला नाय. जितं माजं डोकं मधी येतं, तितं माजे हात मिळनार नायत."