सहा कप्प्यांचं खोकं

परवा दुकानात एका कंपनीचा माणूस आला. पाठीला बॅग, गळ्यात ओळखपत्र, हातात गुळगुळीत रंगीत कागद. म्हणाला, काका, शिशाच्या बॅटरीचे दिवस संपले, आता लिथियम. उद्या ट्रॅक्टरसुद्धा विजेवर चालणार, तुम्ही आत्ताच एजन्सी घेऊन ठेवा. मी विचारलं, "ही मेली की कुठं जाते?" तो म्हणाला, "कंपनी परत घेते." "घेऊन कुठं नेते?" "रिसायकलिंगला." "ते कुठं होतं? गावाचं नाव सांगा. तिथलं पाणी कुठल्या ओढ्याला जातं, तेवढं सांगा." त्याने कागद उलटून पाहिला, जणू गावाचं नाव मागच्या बाजूला छापलेलं असावं. मी त्याला चहा विचारला नाही. आमच्या अंबाजोगाईत दुकानात आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे त्याला हाकलून देणंच असतं, आणि ते त्यालाही कळलं.

माझं डोकं लवकर फिरतं हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. पण हल्ली ते का फिरतं, हे मी बाजारात कुणाला सांगितलेलं नाही.

तीस वर्षं मी बॅटऱ्या दुरुस्त करतो. आधी ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, लग्नातल्या बँडवाल्यांच्या. मग ई-रिक्षा आल्या. पहिल्या दहा-बारा रिक्षा आल्या तेव्हा त्यांना हार घातले, नारळ फोडले, एका पुढाऱ्याने झेंडा दाखवला. भाषणात तो म्हणाला, धूर नाही, आवाज नाही, प्रदूषण तर अजिबात नाही. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. का नाही वाजवणार? एका रिक्षाला चार बॅटऱ्या, वर आमचं ऊन, आमचे चढ, तिघांच्या जागेत सहा माणसं कोंबणारे आमचे ड्रायव्हर. दीड वर्षात बॅटरी मान टाकते. धंदा माझ्या दारात चालत आला होता.

मेलेली बॅटरी माझ्याकडे कशी जिवंत होते ते सांगतो. आधी ॲसिड ओतून द्यायचं. मग तापवलेल्या पात्याने वरचं झाकण कापायचं. आतल्या प्लेटा उपसायच्या, बऱ्या असतील त्या ठेवायच्या, सडलेल्या भंगारवाल्याला वजनावर द्यायच्या. ॲसिड मागच्या नालीत. नालीकडचं गवत जळालं तेव्हा मी म्हणालो, यंदा ऊन लई आहे.

मी निष्काळजी होतो असं मात्र कुणी म्हणू नये. कामाचा सदरा वेगळा, तो घरी नेत नसे. लेकरांना दुकानाच्या आत पाऊल टाकू देत नसे. दुपारी गुळाचा खडा खायचा, कारण गुळाने छाती साफ होते असं आमच्या धंद्यात सगळेच मानतात. आणि रिकामं खोकं झालं की त्यात सोड्याचं पाणी. सोडा ॲसिडला भेटला की फसफसतो. फसफसणं थांबेपर्यंत ओतत राहायचं, थांबलं की खोकं चोख झालं. हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, त्याला त्याच्या उस्तादाने. विष म्हणजे ॲसिड, आणि शिसं म्हणजे माल. ज्याचा भाव विचारायला लोक फोन करतात, त्याला विष कोण समजणार? तीस वर्षांत एकाही माणसाने मला येऊन सांगितलं नाही. झेंडा दाखवणाऱ्याने नाही, बॅटरी विकणाऱ्या कंपनीने नाही. बॅटरीच्या अंगावर काहीतरी छापलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ते ज्याने छापलं त्याने माझ्या दुकानात येऊन एकदा वाचून दाखवायला हवं होतं.

आता खोक्याचं. ई-रिक्षाच्या बॅटरीचं रिकामं खोकं म्हणजे जाड काळं प्लास्टिक, आत सहा कप्पे, दोन्ही बाजूंना धरायला दोरी. आपटलं तरी फुटत नाही. माझी थोरली बहीण, आक्का, वडवणीच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. ती आणि दाजी दरवर्षी ऊसतोडीला जातात. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन वर्षांमागे ट्रक दिवाळीच्या आधीच लागणार होता, म्हणून आक्काने भाऊबीज आधीच उरकून घेतली. आमच्याकडे तोडीला जाणाऱ्या बहिणी असंच करतात, सण ट्रकच्या तारखेला सरकतो. मी गेलो तेव्हा पोती बांधलेली, कोंबड्या टोपलीखाली, आणि आक्का मीठ-तिखटाच्या पुड्या एका पिशवीत कोंबत होती. मागच्या वर्षी पावसात सगळ्याचा चिखल झाला म्हणून कुरकुरत होती. मी दुकानातून एक खोकं सोड्याने धुऊन नेलंच होतं, दाजींना अवजारं ठेवायला म्हणून. तेच ओवाळताना तिच्यापुढे ठेवलं. तिने सहा कप्पे बघितले आणि तिचा चेहरा असा फुलला की मला साडी न नेल्याचं वाईट वाटलं नाही.

मीठ, तिखट, हळद, चहापत्ती, साखर आणि चिंच. सहाही कप्पे भरले.

चिंचेबद्दल सांगायलाच हवं. उसाच्या फडात बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. प्यायलं तर आडोसा शोधावा लागतो, आणि तुटलेल्या फडात आडोसा कुठला? मग तोंड ओलं राहावं म्हणून आक्का मिठाला लावून चिंचेचं बुटूक चघळत राहायची. सकाळी खोक्यातून पदराला बांधून न्यायची. हे तिनेच मला एकदा हसत सांगितलं होतं. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी टोळीतल्या बायकांनी तिच्याकडे तसल्याच खोक्यांचा तगादा लावला. ती ऐटीत म्हणायची, "माझ्या भावाचं दुकान हाय." मी पाठवत गेलो. फुकट.

दुसऱ्या हंगामात आक्काचं पोट दुखायला लागलं. मग कोयता हातातून सुटायला लागला. तिकडच्या एका डॉक्टरने हिरड्या बघितल्या आणि मिश्री लावतेस म्हणून तिला झापलं. ताकदीच्या गोळ्या दिल्या. घरी आली, पावसाळा गोळ्यांवर काढला, आणि खोकं फळीवर होतंच. यंदा दसरा झाला, टोळीतली निम्मी घरं गेली, आणि आक्काला भाकरी थापता येईना. दाजी तिला एसटीने माझ्याकडे घेऊन आले. मी मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले. केले. म्हणाल्या, पंजे वर उचला. पंजे उठलेच नाहीत. मनगटापासून खाली लोंबत राहिले. आक्का स्वतःच्या हातांकडे बघत होती, ऐकत नसलेल्या जनावराकडे बघावं तशी. मग बाईंनी कापसाने हिरड्या पुसल्या, पुन्हा पुसल्या, आणि मिश्रीच्या खाली असलेली निळसर रेघ मला बोलावून दाखवली. रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. रक्तात शिसं. बाईंनी विचारलं, "घरात बॅटरीचं काम कोण करतं?"

आक्का म्हणाली, "घरात कोण न्हाई बाई. माझा भाऊ करतो, पर तो हितं अंबाजोगाईत ऱ्हातो. लई मोठं दुकान हाय त्याचं."

अभिमानाने म्हणाली. बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात खिशात घातले. बाई म्हणाल्या, "तुम्हीही तपासून घ्या. आणि यांच्या पोटात हे रोज कशातून जातंय ते आधी शोधा. ते थांबलं तर हात परत येतील. किती येतील ते आत्ता सांगता येणार नाही. पण आधी थांबलं पाहिजे."

मला शोधावं लागलं नाही. बाईंचं वाक्य संपायच्या आत खोकं डोळ्यांपुढे आलं होतं, चिंचेच्या कप्प्यासकट. आणि मी गप्प बसलो. दोघांना एसटीत बसवून दिलं, खिडकीतून केळी दिली, गप्प बसलो. चार दिवस. मला खात्री करायची होती, असं मी स्वतःला सांगत होतो. दुकानातल्या एका धुतलेल्या खोक्यात सोडा ओतला, एक बुडबुडा आला नाही. मग आंबटाने शिसं सुटतं का ते बघायला चिंचेचा कोळ रात्रभर ओतून ठेवला. सकाळी तो काढून कपड्याने तळ पुसला, तर कपडा राखाडी झाला. ही खात्री पहिल्याच सकाळी झाली होती. उरलेले तीन दिवस मी रिक्षावाल्यांवर खेकसण्यात घालवले.

माझा विजेच्या गाड्यांवर राग नाही, हे इथं सांगून टाकतो. मी स्वतः विजेची स्कूटर चालवतो. शाळेच्या दारात धूर नसावा असं मलाही वाटतं. माझा राग आहे तो त्या टाळ्यांवर. शहरातली हवा चांगली होते आणि त्याबदल्यात जे काही मागे उरतं ते आमच्या नालीत, आमच्या फळीवर, आमच्या बायकांच्या पदराला. लिथियमचंही असंच कुठल्यातरी गावाच्या गळ्यात पडणार, आणि तिथलाही एखादा शहाणा म्हणणार, मी धुऊन घेतलंय. म्हणून मी त्या कंपनीच्या माणसाला गावाचं नाव विचारलं. आणि माझा स्वतःवरचा राग कुठं ठेवू, ते मला कळत नाही.

पाचव्या दिवशी स्टीलचे सहा डबे घेऊन मी आक्काच्या गावी गेलो. ती ओसरीवर बसली होती. दाजी शेळीला पाला टाकत होते. मी म्हणालो, "आक्का, ते खोकं मला परत दे. हे डबे घे."

"कावून?"

"जुनं झालंय."

"जुनं कुठलं? ओवाळणीत घातल्यालं परत मागत असतेत का? तुला लाज वाटायली व्हय, भंगारातलं दिलतं म्हणून? मला लई कामाचं हाय ते. ऱ्हाऊ दे."

मी आत गेलो, फळीवरून खोकं काढलं, बाहेर आणून अंगणात ठेवलं. चार कप्पे अजून भरलेले. आणि मग सांगितलं. शिसं, चिंच, सोडा, सगळं. दाजींच्या हातातला पाला तसाच राहिला. मला वाटलं, ती म्हणेल की तुला काय ठाव होतं. मी त्या वाक्याची वाट बघत होतो, हे कबूल करतो.

ती म्हणाली, "दवाखान्यात कळलतं तुला?"

"हो."

"चार दिस झाले की त्याला. चार दिस आमी त्यातलंच मीठ खाल्लं." मग आवाज न चढवता म्हणाली, "तू केळी दिलीस खिडकीतून. तवा तोंड न्हवतं का तुला?"

तिने तेवढ्यावर सोडलं नाही. "मी किती जणींना दिलेत ती खोकी? आठ. चार घरं हितंच हायत, तिथं मी जाती. चार टोळीसंगं गेल्यात. फोन लाव."

पहिला फोन मी केला. पलीकडच्या बाईला वाटलं, मी वस्तू परत मागतोय. ती हसून म्हणाली, "मामा, दिल्यालं परत मागता व्हय? आता हितून कुठं आणू? आत्ताच त्यातलं तिखट टाकलं कालवणात." मी ओरडून सांगायला लागलो, तर तिला काही ऐकूच येईना. तिच्या मागे ट्रकचा आवाज होता.

"हिकडं आण," आक्का म्हणाली. तिला फोन धरता येत नव्हता. मी तिच्याजवळ बसलो आणि फोन तिच्या कानाला लावून धरला.

"अगं, मी हाय. ते खोकं फेकून दे. आतल्या मिठासकट. चिंच बी. न्हाई न्हाई, धुऊन न्हाई चालत, धुतल्यालंच हाय ते. ऐक माझं. माझे हात गेलेत त्यानं. खाली पडलेत दोनी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं, आणि नजर न काढता फोनात म्हणाली, "कशानं काय? माझ्या भावानं दिलतं, त्यानं. त्याला म्हाईत झालतं, तरी बोलला न्हाई. म्हणून मी सांगायले."

मी फोन तिच्या कानाला तसाच धरून ठेवला. अजून तीन लावायचे होते.