चार बोटं उघडं राहणारं दार

अमानवीय गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवावासा वाटत नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव विहिरीत सोडले. त्यांच्याबरोबर भुतंही बुडाली, असं आम्ही भावंडं हसत म्हणायचो. त्यात मी वेल्डिंगवाला. दार बसत नसेल तर चौकट वाकडी किंवा माप चुकलेलं... तिसरं कारण नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची थंडी असेल. बीदरजवळ भालकीत बसस्टँडमागे माझं दुकान होतं. हुलसूरचे एक अण्णा, डाळीचे व्यापारी, आपली जुनी जीप घेऊन आले. मिलिटरीच्या लिलावातली, दोन्ही बाजू उघड्या. त्यांची मुलगी महादेवी बाळंतपणाला आली होती. पाय सुजलेले, म्हणून बीदरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच दवाखान्यात आणायला सांगितलं होतं.

"मिस्त्री, पोरगी अवघडलेली हाय. वारं लागू न्हाई, पडू न्हाई. दोन दारं बशिव. परवा न्यायलोय तिला."

मी गंज खरवडला, सडलेला पत्रा बदलला, दारं तयार केली. ड्रायव्हरकडचं दार झटक्यात बसलं. शेजारच्या सीटचं मात्र चार बोटं आधीच थांबायचं. बिजागऱ्या काढून परत लावल्या. चौकट मोजली — सरळ. मधे हात फिरवला — मोकळं. सीट काढली की दार लागायचं, ठेवली की अडायचं. आणि लोखंडावर लोखंड आदळलं की आवाज होतो. इथे आवाजच नव्हता. मऊ काहीतरी लागत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सीट काढू नको," ते म्हणाले. "मागल्या साली अप्पा बीदरच्या दवाखान्यात वारले. ह्याच सीटवर बसवून आणलो."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. त्यांच्या लिंगायत लोकांत मयताला बसवून मातीत ठेवतात. अंग ताठलं की मांडी घालता येत नाही, म्हणून दवाखान्यातच मांडी घालून, धोतरानं सीटला बांधून त्यांना आणलं होतं.

"एक गुडघा भाईर आलता. हुलसूरपस्तोर मागून हात घालून धरून बसलो मी."

मी सीटवर मांडी घालून बसून पाहिलं. माझा गुडघा बरोबर चार बोटं बाहेर आला. अंगावर काटा आला, पण कबूल करायची लाज वाटली.

"ऱ्हाऊ दे दार," अण्णा म्हणाले. "ताडपत्री बांधून नेतो." आणि ते बाजारात गेले.

इथे माझी खोड नडली. न लागणारं दार घेऊन गाडी माझ्या दुकानातून गेली, असं कधी झालं नव्हतं. भर दुपार होती. मी भिंतीला पाय लावला, दाराला खांदा लावला आणि सगळा जोर काढला. ऊस मोडावा तसा आवाज झाला... आणि दार लागलं.

उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. पत्र्याला तडा नाही, वेल्डिंग शाबूत. त्यानंतर दार लोण्यासारखं लागू लागलं. लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा आनंदच झाला.

महादेवी त्याच सीटवर बसून बीदरला गेली. चौथ्या दिवशी मुलगा झाला. जिवंत, रडणारा... पण डाव्या पायाचं हाड गुडघ्यापाशी मोडलेलं. बाळ पायाळू होतं, ओढताना कधीकधी होतं असं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खरंच होत असेल.

काही दिवसांनी अण्णा पेढे घेऊन दुकानात आले.

"अप्पाचंच नाव ठेवलो," म्हणाले. "मिस्त्री, खरं सांग. ते दार लागलं कसं?"

"बिजागरीला कानस मारली, अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "व्हय का," एवढंच म्हणाले. जीप त्यांनी पुन्हा माझ्याकडे आणली नाही.

ते दार कशाला अडत होतं आणि काय मोडलं, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. अण्णा आता नाहीत. त्यांचा नातू काठी घेऊन चालतो. भालकीच्या बाजारात मी दिसलो की थांबतो, "कसे हाव, मिस्त्री काका?" म्हणून विचारतो. मी त्याच्या तोंडाकडे बघून बोलतो, खाली बघत नाही.