मागच्यानं बेडं लावायचं

"मागचा कोण हाय? बेडं लावा!"

रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाच्या आत सकाळी ही आरोळी ज्यांनी ऐकली असेल, त्यांना काकांविषयी मी वेगळं सांगायला नको. बाकीच्यांना सांगते. बेडं म्हणजे नारळी-केळींच्या वाडीचं बांबूचं फाटक. ते उघडं राहिलं की गुरं शिरतात आणि केळींचा फडशा पाडतात. वाट दाखवणारे काका पुढे, त्यांच्यामागे दहा-बारा पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी जो असेल, मग तो पुण्याचा डॉक्टर असो नाहीतर ठाण्याची नवी नवरी, बेडं त्याने लावायचं.

मी तटाच्या आतच खानावळ चालवते, दोन खोल्या पाहुण्यांना देते. वीस-वीस माणसांचं रांधून माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय, तेव्हा माझ्याकडून फार गोड बोलण्याची आशा ठेवू नका.

काका उमेदीत माडांवर चढून नारळ पाडायचे. एक गुडघा गेला आणि ते जमिनीवर आले. मग माझ्या पाहुण्यांना चालत गाव दाखवू लागले. सकाळी सातला माझ्या ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचे. उंच टाचा दिसल्या की म्हणायचे, "ताई, ह्या तटावर चालायच्या न्हायत. आमच्या बायच्या स्लिपर घाला." त्यांची बाय म्हणजे मी. माझे तीन जोड असेच मुंबईला गेले.

कोणी सनावळ्या विचारल्या तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "पोर्तुगीजांनी बांधला, आमी राखला. फुडं चला."

आमचा तट अजून बराचसा उभा आहे. पण त्याच्या कडेकडेने फिरायचं तर वाट आहे नऊ जणांच्या वाड्यांतून. कुठल्या कागदावर ती वाट नाही. काका प्रत्येक बेड्याशी थांबून हाक द्यायचे, "येतोय हो!" आतून "या!" आलं की मगच पाऊल टाकायचे. वाटेत पडलेला नारळ दिसला तर उचलून त्या घराच्या विहिरीच्या कट्ट्यावर ठेवायचे. आयुष्यभर नारळ पाडलेला माणूस, पण पडलेला एक कधी घरी नेला नाही. त्याच्यावरच ती वाट चालू होती.

मला मात्र या फेरीचा भारी वैताग. जेवायला दीड म्हटलं की मंडळी अडीचला उगवणार. तोवर कालवण दोनदा गरम करा. एकदा मी ओरडलेच, "काका, वेशीतून डांबरी रस्ता गेलाय. रिक्षेतून फिरवा ना एकदा!"

"रिक्षेतनं तट दिसतो, बाय. गाव दिसत न्हाय." एवढं बोलून पायरीवर बसून गुडघा चोळत राहिले. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

आता माझं पाप सांगते.

एकदा घरात नारळ संपले होते आणि पाहुणे जेवायला यायचे होते. मी मधल्या आडवाटेने चौथ्या वाडीत गेले. ती माईंची वाडी. माई एकट्या राहतात, नजर अधू झाली आहे. वाटेत दोन नारळ पडले होते. म्हटलं, दोन नारळांनी काय होतंय? पदराखाली घातले आणि घरी आले. माईंना दिसत कमी असेल, पण नारळ पडल्याचा आवाज त्यांना मोजून ऐकू येतो. आवाज दोन झाले, कट्ट्यावर नारळ एकही नाही. त्यांना वाटलं, काकांच्या पाहुण्यांनी नेले. दुसऱ्या दिवशी बेड्याला तार गुंडाळलेली.

काका तिथे गेले, हाक दिली, "येतोय हो!" उत्तर आलं नाही. थोडा वेळ उभे राहिले आणि पाहुण्यांना घेऊन आल्या वाटेने मागे फिरले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी तेच. त्या गुडघ्यावर जाऊन-येऊन दुप्पट चाल. मी म्हटलं, "काका, दुसरीकडून वळा ना." तर म्हणाले, "रोज पाय लागला न्हाय तर वाट बुजते. हाक तर द्यायला हवी."

आणि मी? मी चहा देत होते. आठ दिवस गप्प बसून चहा देत होते. 

नवव्या दिवशी दोन नारळ घेऊन माईंकडे गेले आणि सगळं ओकले. माई म्हणाल्या, "अगं, मागितले असतेस तर पिशवी भरून दिले असते. त्या म्हाताऱ्याला कशाला उन्हात उभं केलंस?" त्यांनी तार मलाच सोडायला लावली. तेवढ्यात काका पाहुण्यांसह आलेच. त्यांनी तार बघितली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी हाक दिली, माईंचं "या!" आलं, आणि जाता जाता मला म्हणाले, "मागची तूच. बेडं लाव."

पुढे काकांचा दुसराही गुडघा गेला. लेक म्हसळ्याला घेऊन गेली. तिथून फोन यायचा. तब्येतीचं नाही, जेवणाचं नाही, एकच प्रश्न, "बाय, नऊच्या नऊ उघडी हायत ना?"

"व्हय काका, नऊच्या नऊ."

धडधडीत खोटं. मी एकदाही फेरी मारली नव्हती. सातवी वाडी विकली गेली होती, तिथे बंगला झाला होता आणि बांबूच्या जागी लोखंडी गेट. मला ते माहीत होतं. पण त्या आवाजाला 'नाही' कोण सांगणार?

ते गेल्याचं लेकीने फोनवर कळवलं तेव्हा मी मासे साफ करत होते. हात धुवायचंही सुचलं नाही.

आता पाहुण्यांना मीच नेते. हौस म्हणून नव्हे. पाय सुजतात, कंबर बोलते, जेवायला अडीच वाजतात आणि आता ओरडायला कोणी नाही. त्या माणसाला शेवटपर्यंत खोटं सांगितलं, ते मला झोपू देत नाही. माईंच्या बेड्याशी हाक दिली की आतून जुन्या सवयीने येतं, "या हो काका." मी दुरुस्त करत नाही. नारळ कट्ट्यावर ठेवते आणि पुढे जाते.

सातव्या गेटला कुलूप असतं. तरी हाक देते. "येतेय हो!" थोडा वेळ उभी राहते आणि सगळ्यांना घेऊन मागे फिरते. पाहुणे एकमेकांकडे बघतात. बघू देत.

काल पहिल्यांदा आतून राखणदाराची बायको आली. "रोज कोणाला हाक मारता, ताई? मालक इथं नसतात."

मी म्हटलं, "इथून वाट आहे."

तिने कुलपाकडे बघितलं. चावी तिच्याकडे नव्हती. "उद्या येणार?" तिने विचारलं.

"येणार."

पाहुणे उन्हाने कावले होते, ते आल्या वाटेने भराभर पुढे गेले. मी लंगडत सहाव्या बेड्यातून बाहेर पडले आणि सवयीने तोंडात आलं, "मागचा कोण हाय?" वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. बेडं मीच लावलं.